शितावरून भात कळतो, मग गाठ का कळत नाही?

"मॅडम, माझ्या आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा गाठीवर हर-टू तपासलं होतं. पॉझिटिव्ह आलं म्हणून तिचं ते इंजेक्शन सुरू झालं. मग बाबांच्या गाठीवर तशी टेस्ट का नाही होत?"

विचारणाऱ्या मुलीच्या वडिलांची डावी किडनी दोन महिन्यांपूर्वी गाठीसकट काढली होती. मी पॅथॉलॉजिस्ट, रिपोर्ट मीच दिला होता: क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा, म्हणजे किडनीच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती. आता कॅन्सरतज्ज्ञांचं म्हणणं होतं की आजार परत यायचा धोका बऱ्यापैकी आहे, वर्षभर इम्युनोथेरपी, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, घेतली तर तो कमी होऊ शकतो. खर्च लाखांत. शेताचा तुकडा विकण्याआधी तिला एवढंच हवं होतं, की हे औषध बाबांना लागू पडेल का, हे काढलेल्या गाठीवरून कुणी सांगेल का.

आज तरी नाही, असं मला सांगावं लागलं.

"पण गाठ तर तुमच्याकडेच आहे ना!" ती म्हणाली. तिचं खरंच होतं. अख्खी गाठ हातात असूनही तिच्याकडून उत्तर का काढता येत नाही, हे पाच मिनिटांत सांगणं मला जमलं नाही. ते इथे नीट सांगते.

खुणेची तीन कामं

बायोमार्कर म्हणजे आजाराची मोजता येणारी खूण. ती रक्तात असेल, लघवीत असेल किंवा काढलेल्या गाठीच्या तुकड्यात. मी बोलणार आहे ती तुकड्यातल्या खुणेबद्दल, आणि यापुढे तिला नुसतं 'खूण' म्हणेन.

खुणेकडून आपण तीन वेगळी कामं मागतो आणि बोलताना त्यांची सरमिसळ करतो. पहिलं काम ओळख पटवण्याचं, म्हणजे ही गाठ नेमकी कसली आहे. दुसरं भाकिताचं, म्हणजे हा आजार पुढे कसा वागेल. तिसरं निवडीचं, म्हणजे या माणसाला कोणतं औषध लागू पडेल. यंदा पाऊस कमी आहे हे कळणं आणि या रानात कोणतं बियाणं चालेल हे कळणं, या शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कळली तरी दुसरी कळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामातला फरकही तसाच आहे.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू हे प्रथिन म्हणजे तिसऱ्या कामाची खूण. त्यावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालं ते खुणेच्या तपासणीला सोबत घेऊनच. किडनीच्या कॅन्सरमध्ये पहिलं काम बरंच जमलंय, दुसरं अर्धंमुर्धं, आणि तिसरं अजून जवळपास नाहीच.

जे जमतं ते आधी

सगळंच अंधारात आहे असं कुणाला वाटू नये म्हणून हे आधी सांगते. किडनीचा कॅन्सर हा एक आजार नाही. चारातल्या साधारण तीन गाठी क्लिअर सेल प्रकारच्या असतात. या पेशींत चरबी आणि साखरेचा साठा असतो. तुकडा तयार करताना वापरलेल्या द्रवांत तो विरघळून जातो आणि पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात, त्यावरून हे नाव पडलं. उरलेल्यांत पॅपिलरी, क्रोमोफोब आणि अनेक दुर्मीळ प्रकार येतात. प्रत्येकाची चाल वेगळी.

हे प्रकार वेगळे करायला आम्ही इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतो. लॅबमध्ये तिला आयएचसी किंवा सरळ 'स्टेन' म्हणतात. एखाद्या ठरावीक प्रथिनाला चिकटणारं रसायन तुकड्यावर टाकायचं, ते प्रथिन असेल तिथे रंग उमटतो. सीए-नाइन नावाचा स्टेन क्लिअर सेलमध्ये पेशींच्या कडेकडेने डब्यासारखा उमटतो, ते पाहून ओळख पटायला चांगली मदत होते.

तरी इथेही एक जागा अडते. ऑन्कोसायटोमा ही निरुपद्रवी गाठ आणि क्रोमोफोब हा कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, दोघांवर काही स्टेन एकसारखेच उमटतात. सुईने घेतलेल्या बारीक तुकड्यावर तर कधीकधी ठाम सांगताच येत नाही. कॅन्सर समजून काढलेल्या लहान गाठींपैकी १५ ते २० टक्के शेवटी निरुपद्रवी निघतात. पोटाची सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी केली आणि किडनीत गाठ दिसली, असं हल्ली फार घडतं. अशा रुग्णांसाठी ही अडचण मोठी आहे.

वारीत तुळशीची माळ

आता क्लिअर सेलच्या मुळाशी जाऊ. प्रत्येक पेशीत ऑक्सिजनचा अंदाज घेणारी एक यंत्रणा असते. ऑक्सिजन कमी पडला की हिफ नावाचं प्रथिन साठतं आणि 'नव्या रक्तवाहिन्या वाढवा' असा हुकूम सुटतो. ऑक्सिजन पुरेसा असला की व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन त्या हिफची विल्हेवाट लावतं. या यंत्रणेच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. क्लिअर सेल कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हे व्हीएचएलच मोडलेलं असतं. मग ऑक्सिजन भरपूर असूनही हुकूम सुटत राहतात, रक्तवाहिन्या वाढत राहतात आणि गाठ पोसली जाते.

"मग सापडली की खूण! व्हीएचएल तपासा," असं कुणीही म्हणेल. अडचण अशी की ही खूण जवळपास सगळ्यांकडेच असते. व्हीएचएलचं जनुक तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर बसतं, आणि क्लिअर सेलच्या ९० टक्क्यांहून जास्त गाठींत त्या बाजूचा तुकडा गळालेला असतो. वारीत चुकलेल्या माणसाचं वर्णन करताना 'गळ्यात तुळशीची माळ आहे' असं सांगून काय उपयोग? माणसं वेगळी करते ती खूण कामाची, आणि ही माळ प्रत्येकाच्या गळ्यात.

मग माणसागणिक बदलणाऱ्या खुणा घ्यायच्या. त्याही आहेत. पीबीआरएम-वन हे जनुक साधारण ४० टक्के गाठींत बिघडलेलं असतं, बॅप-वन आणि सेट-डी-टू दहा-पंधरा टक्क्यांत. बॅप-वन बिघडलेल्या गाठी जास्त आक्रमक असतात हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. पण या खुणांचं दुखणं दुसरंच आहे, आणि माझ्या मते सगळ्या कोड्याचं मर्म तिथेच आहे.

शितावरून भाताची परीक्षा

आपली म्हण खोटी नाही. एक शीत दाबून भात शिजला का ते कळतं, कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत एकाच तांदळाचं, एकाच पाण्यातलं आणि एकाच आचेवरचं असतं. किडनीची गाठ अशी नसते. ती उभी चिरली की नुसत्या डोळ्यांनाच दिसतं: एका बाजूला पिवळीधमक, मध्ये रक्त साकळलेली, कडेला करडी, कुठे पाण्याने भरलेली पोकळी. एकाच गाठीत चार गावं नांदतात.

२०१२ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने किडनीच्या कॅन्सरचे रुग्ण घेऊन एकाच गाठीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून तुकडे काढले आणि प्रत्येकाची जनुकं स्वतंत्र वाचली. सापडलेल्या बदलांपैकी ६३ ते ६९ टक्के बदल सगळ्या तुकड्यांत नव्हतेच, काहींत होते आणि काहींत नव्हते. मला सर्वांत हादरवणारी गोष्ट त्यापुढची वाटली. पुढचं भाकीत सांगणारा जनुकांचा एक नमुना त्यांनी तपासला, तर एकाच माणसाच्या एकाच गाठीत एका कोपऱ्याने 'चांगलं' सांगितलं आणि दुसऱ्याने 'वाईट'. बायोप्सीची सुई कुठल्या कोपऱ्यात शिरली यावर भविष्य ठरलं असतं.

गाठ वाढते वडासारखी. बुंधा आधी, मग फांद्या. तिसऱ्या गुणसूत्राचा तुकडा गळणं हा बुंधा, म्हणून तो सगळीकडे सापडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा अंदाज असा की पुष्कळ रुग्णांत हा पहिला बिघाड बालपणात किंवा किशोरवयात झालेला असतो आणि गाठ कित्येक दशकांनी दिसते. पीबीआरएम-वन, बॅप-वन, सेट-डी-टू हे बिघाड अनेकदा फांद्यांवरचे. एका फांदीवर आहेत, शेजारच्या फांदीवर नाहीत.

तर पेच असा आहे. बुंध्यावरची खूण कुठूनही तुकडा घ्या, सापडते, पण ती सगळ्याच रुग्णांत असल्यामुळे माणसामाणसांत फरक दाखवत नाही. फांदीवरची खूण फरक दाखवते, पण नेमकी ती फांदी आपल्या हाती लागेल याची खात्री नाही.

माती परीक्षण केलेला शेतकरी हे लगेच समजेल. रानाच्या एका कोपऱ्यातली मूठभर माती कुणी पाठवत नाही. नागमोडी चालत ठिकठिकाणी खड्डे घ्यायचे, बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याशेजारची माती टाळायची, सगळी एकत्र करून चार भाग पाडत मग नमुना काढायचा. गाठीबाबत आम्हीही तसंच करायचा प्रयत्न करतो. गाठीच्या दर सेंटीमीटरमागे निदान एक तुकडा घ्यावा आणि जिथे रूप बदललेलं दिसेल तिथून आवर्जून घ्यावा, असा नियम आहे.

तरीही हिशेब पाहा. सात सेंटीमीटरची गाठ, म्हणजे मध्यम आकाराच्या संत्र्याएवढी. तिचे सात तुकडे मेणात बसवले, त्यातून मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाएवढा पातळ काप घेतला आणि काचेवर ठेवून पाहिला. सगळे काप मिळून मी प्रत्यक्षात पाहते तो गाठीचा ढोबळमानाने वीस हजारावा हिस्सा असतो. ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याची पायरी, ठरवायला तेवढ्यावर भागतं, कारण तिथे सर्वांत वाईट दिसणारा भागच धरायचा असतो. एखाद्या बारीक फांदीवरची खूण शोधायची तर हा हिस्सा फार तुटपुंजा पडतो.

आणि आजार पसरला असेल तर औषध द्यायचं असतं ते फुप्फुसातल्या किंवा हाडातल्या गाठींवर. आपण तपासतो मात्र किडनीतला, कधी दोन वर्षांपूर्वी काढून ठेवलेला तुकडा. मूळ गाठ आणि पसरलेली गाठ यांची खूण जुळतेच असं नाही.

गाठ माझ्या टेबलावर येईपर्यंत

याबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा थांबून सांगते.

ऊस तोडला की घटका भरू लागतात. गाळपाला उशीर झाला की उतारा पडतो, हे आपल्याकडे शाळकरी पोराला ठाऊक असतं. काढलेल्या गाठीचंही तसंच. रक्तपुरवठा तुटला तरी पेशी लगेच मरत नाहीत. त्या तडफडतात, आणि त्या काळात त्यांच्यातली प्रथिनं आणि जनुकांचं काम बदलत जातं. किडनी काढताना शल्यविशारद आधी मुख्य धमनी बंद करतो. मग बाकीचं सोडवून, पिशवीत घालून किडनी बाहेर येईपर्यंत ती शरीराच्या उबेत रक्ताविना पडून असते. कुणाच्या शस्त्रक्रियेत हा वेळ थोडा, कुणाच्या जास्त. ज्या कॅन्सरचं मूळच ऑक्सिजन मोजण्याच्या यंत्रणेत आहे, त्याचा तुकडा आपण ऑक्सिजन तोडून मिळवतो, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

बाहेर आल्यावर तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, म्हणजे तो आहे त्या अवस्थेत गोठतो. फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. अख्खी किडनी न चिरता डब्यात टाकली तर मधल्या भागापर्यंत ते पोहोचेस्तोवर तो भाग खराब झालेला असतो. शनिवारी दुपारची शस्त्रक्रिया असेल आणि डबा सोमवारी उघडला, तर बाहेरची कड उत्तम आणि मधला भाग पिठाळ, असं मी स्वतः पाहिलंय. यात कुणाचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. चिरायला जाणतं माणूस त्या वेळी हजर लागतं आणि सगळीकडे ते नसतं.

स्तनाच्या कॅन्सरसाठी यावर बंधनं घातली गेली: तासाभरात फॉर्मॅलिन, आणि त्यात ६ ते ७२ तास. कारण तिथे हर-टूच्या निकालावर औषध ठरतं, चूक परवडत नाही. किडनीच्या जुन्या साठ्यांतले तुकडे मात्र नाना तऱ्हांनी ठेवलेले. त्यांच्यावर संशोधन केलं की सापडलेला फरक आजारातला की हाताळणीतला, हेच कळेनासं होतं.

किडनीची आणखी एक खोड आहे. तिच्या पेशींत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व मुळातच भरपूर असतं. स्टेन करण्याची एक जुनी आणि फार वापरली गेलेली पद्धत बायोटिनवरच चालते. ती वापरताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर जिथे प्रथिन नाही तिथेही रंग उमटतो आणि खूण 'पॉझिटिव्ह' दिसते.

एका गावचा शेर, दुसऱ्या गावची पायली

इम्युनोथेरपीची औषधं आपल्या प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक सोडवतात. कॅन्सरच्या पेशी हा ब्रेक दाबायला वापरतात त्या प्रथिनाचं नाव पीडी-एल-वन. हे जास्त असेल तिथे औषध जास्त चालेल, असं कुणालाही वाटेल. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ही खूण उपयोगी पडतेसुद्धा.

किडनीत तसं झालं नाही. २०१५ मध्ये ८२१ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध घेणारे रुग्ण जुन्या गोळीवरच्या रुग्णांपेक्षा जास्त जगले, २५ महिने विरुद्ध १९.६ महिने, असा मध्यबिंदू होता. पण पीडी-एल-वन असो वा नसो, फायदा दोन्हीकडे दिसला. ज्यांच्या गाठीत ते होतं त्यांचं आयुष्य एकूणच कमी भरलं, एवढं मात्र दिसलं. म्हणजे खुणेने भाकीत सांगितलं, निवड नाही सांगितली. पाऊस कमी हे कळलं, बियाणं कळलं नाही.

त्यातून मोजमापाचा गोंधळ. पूर्वी एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळत नसे. पीडी-एल-वन मोजायला निदान चार वेगवेगळी रसायनं वापरात आहेत. एका चाचणीत फक्त कॅन्सरच्या पेशी मोजल्या, दुसरीत फक्त प्रतिकारपेशी, तिसरीत दोन्हींची बेरीज. एकाच गाठीला एका मापाने 'आहे' आणि दुसऱ्याने 'नाही' म्हणता येतं. मग वेगवेगळ्या अभ्यासांचे निकाल एकत्र मांडायचे कसे?

प्रतिकारपेशींच्या बाबतीतही किडनी उलटी चालते. बहुतेक कॅन्सरमध्ये गाठीत सीडी-एट या लढाऊ पेशींची गर्दी असणं शुभ मानतात. क्लिअर सेलमध्ये ती गर्दी पुष्कळदा वाईट भाकिताशी जोडलेली आढळते. बंदोबस्त मोठा आहे, पण शिपाई थकून बसलेत. नुसती डोकी मोजून ते कळत नाही. दुसऱ्या कॅन्सरमधला नियम उचलून किडनीला लावता येत नाही, हा धडा संशोधकांना बऱ्याच किमतीला मिळालाय.

निकाल पाहून पासाची रेषा

"पण पेपरात तर दर महिन्याला येतं, किडनीच्या कॅन्सरची नवी खूण सापडली म्हणून!" येतं खरं. त्यातलं बरंचसं पुढे टिकत नाही, त्यामागे गणित आहे.

समजा शंभर रुग्णांच्या जुन्या तुकड्यांवर चाळीस खुणा तपासल्या. संशोधनात नेहमी पाळली जाणारी मर्यादा वीसात एक अशी आहे, म्हणजे निव्वळ योगायोगाने वीसातली एक खूण 'महत्त्वाची' भासेल. चाळीसांत दोन तर अशाच मिळतील, खरं काही नसताना. त्यात रेषा कुठे आखायची हा प्रश्न. पेशींना किती टक्के रंग लागला की पॉझिटिव्ह म्हणायचं: १०, २०, ५०? सगळ्या रेषा आखून पाहायच्या आणि जिथे फरक ठळक दिसेल ती ठेवायची, हे निकाल हातात घेऊन पास व्हायचे मार्क ३५ की ४२ ते ठरवण्यासारखं आहे. या वर्गाला ती रेषा चपखल बसते. पुढच्या वर्षीच्या पोरांना बसत नाही.

मघाच्या सीए-नाइनचीच गोष्ट घ्या. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जुन्या तुकड्यांवरच्या अभ्यासांत दिसलं की हे प्रथिन भरपूर असलेल्यांचा आजार सौम्य असतो आणि त्या काळच्या इंटरल्युकिन-टू या कठीण उपचाराला ते चांगला प्रतिसाद देतात. मोठी आशा निर्माण झाली. मग संशोधकांनी योग्य ते केलं. रेषा आधी ठरवली आणि नवे १२० रुग्ण घेऊन पुढच्या दिशेने चाचणी केली. सीए-नाइन आणि प्रतिसाद यांचा संबंध दिसला नाही.

मी याला अपयश म्हणणार नाही. आशा वाटत असताना ती तपासून घ्यायला आणि निकाल उघडपणे छापायला मोठी सचोटी लागते. तेच सीए-नाइन आज वेगळ्या कामाला लागतंय. त्याला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन, गाठ न कापता, स्कॅनवर क्लिअर सेल ओळखायचं. ३०० रुग्णांच्या चाचणीत त्याची अचूकता ८५ टक्क्यांच्या पुढे होती. निवडीसाठी नापास झालेली खूण ओळखीसाठी पास झाली.

"एवढी वर्षं झाली, अजून का नाही?"

एक कारण वेळेचं. किडनीचा कॅन्सर पाच वर्षांनी, कधी दहा वर्षांनीही परत येतो. खूण खरी की खोटी हे कळायला तितकं थांबावं लागतं. तोवर उपचारच बदलतात. २००५ च्या शेवटी रक्तवाहिन्यांवर काम करणारी पहिली गोळी आली, २०१५ मध्ये इम्युनोथेरपी, २०१८-१९ पासून दोन औषधांच्या जोड्या. इंटरल्युकिनच्या काळातली खूण सिद्ध होईस्तोवर इंटरल्युकिनच मागे पडलं.

आता एकेका प्रथिनाऐवजी शेकडो जनुकांचं काम एकदम मोजून गाठींचे गट पाडायचा प्रयत्न चाललाय. २०२० मध्ये ८२३ रुग्णांच्या गाठी अशा तपासून सात गट पाडले गेले. काही रक्तवाहिन्यांच्या जोरावर जगणारे, काही प्रतिकारपेशींनी भरलेले. पहिल्यांना गोळ्या, दुसऱ्यांना इम्युनोथेरपी जास्त मानवते असं त्यात दिसलं. या गटावरून उपचार ठरवून पाहणाऱ्या चाचण्याही हाती घेतल्या गेल्यात. मला यातून आशा वाटते, कारण इथे एक शीत न पाहता पातेलंभर वास घेण्याचा प्रयत्न आहे. तरी तुकडा कुठून घेतला आणि कसा ठेवला, हे प्रश्न इथेही सुटत नाहीत.

"मग रक्तच तपासा की"

रास्त सूचना. रक्तात सगळ्या फांद्यांचा अंश यायला हवा. पण कॅन्सरच्या डीएनएचे जे तुकडे रक्तात तरंगतात, ते किडनीचा कॅन्सर फारच कमी सोडतो, त्यामुळे इतर कॅन्सरमध्ये चालणारी ही तपासणी इथे अडखळते. किम-वन या रक्तातल्या प्रथिनावर मात्र लक्ष ठेवण्यासारखं आहे. शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्यात ते जास्त होतं त्यांचा आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि एका चाचणीत इम्युनोथेरपीचा फायदाही त्याच गटात झुकलेला होता. अजून ते रोजच्या वापरात नाही.

"बाहेरून जीन पॅनेल करून घेऊ का?"

जीन पॅनेल म्हणजे गाठीतली अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी. ती हल्ली घरून नमुना नेऊन करतात, खर्च मोठा असतो. क्लिअर सेलमध्ये औषध निवडायला आज तिचा फारसा उपयोग होत नाही. व्हीएचएल बिघडलंय असा रिपोर्ट येईल, आणि ते आपल्याला आधीच ठाऊक होतं.

वेगळी गोष्ट आहे ती आनुवंशिक तपासणीची, जी रुग्णाच्या रक्तावर किंवा लाळेवर करतात. वय ४६ किंवा त्याहून कमी असेल, दोन्ही किडन्यांत गाठी असतील, किंवा घरात आणखी कुणाला किडनीचा कॅन्सर झाला असेल, तर ती डॉक्टरांकडे जरूर विचारावी. तिथे निकालाने मुलांची, भावंडांची वेळेवर तपासणी होऊ शकते. जन्मजात व्हीएचएल बिघाड असलेल्यांसाठी हिफवर थेट काम करणारं बेल्झुटिफान हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं.

त्या मुलीला मी आकडे सांगितले

तिच्या वडिलांना सुचवलेल्या पेंब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची चाचणी ९९४ रुग्णांवर झाली. सगळ्यांची गाठ काढलेली आणि आजार परतण्याचा धोका वाढलेला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. दोन वर्षांनी औषध घेतलेल्या शंभरातल्या ७७ जणांचा आजार परतला नव्हता, सलाईन घेतलेल्या शंभरातल्या ६८ जणांचा. २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या निकालात चार वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ९१ आणि ८६ टक्के होतं.

औषधाचा फायदा खरा आहे, त्यात शंका नको. पण तेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचा. शंभरातले ६८ जण त्या दोन वर्षांत औषधाविनाही ठीक राहिले असते. २३ जणांचा आजार औषध घेऊनही परतला किंवा ते दगावले. मधल्या साधारण ९ जणांसाठी शंभर जण वर्षभर सुया टोचून घेतात, पैसे उभे करतात आणि त्रास सोसतात. गंभीर त्रास झालेल्यांचं प्रमाण औषधाच्या गटात सुमारे ३२ टक्के होतं, सलाईनच्या गटात १८. ते नऊ जण कोण, हे आधी सांगणारी खूण आपल्याकडे नाही. पीडी-एल-वनने त्यांना ओळखता आलं नाही.

ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाबा त्या ६८ मधले असतील तर?" असू शकतात. गाठीचा आकार, ग्रेड, ती शिरेत शिरली होती का, लसिकाग्रंथींत पोहोचली होती का, यावरून तिच्या वडिलांचा धोका सरासरीपेक्षा वरचा की खालचा हे कॅन्सरतज्ज्ञ सांगू शकतात. हे प्रश्न त्यांना नाव घेऊन विचार, असं मी तिला सांगितलं आणि रिपोर्टमधल्या त्या चार ओळींखाली पेन्सिलने रेघ मारून दिली.

मेणाचा ठोकळा

जाताना तिने वडिलांचे ब्लॉक मागितले, परळला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं म्हणून. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेला तो मेणाचा छोटा ठोकळा. काचेच्या स्लाइड जातात-येतात, ब्लॉक मात्र मूळ ऐवज आहे. उद्या एखादी खूण सिद्ध झाली तर ती त्याच्यावर तपासता येईल, अगदी दहा वर्षांनीसुद्धा. तिथे संशोधनासाठी तुकडा ठेवू का असं संमतीपत्र पुढे आलं तर घाईने सही करू नका आणि घाईने नाहीही म्हणू नका, वाचा. आजवर ज्या गाठींवरून जगभरचे निष्कर्ष निघाले त्यांतल्या बहुतेक अमेरिका-युरोपातल्या रुग्णांच्या आहेत, आपल्या माणसांच्या फार थोड्या.

मी तिला ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टशी जुळवून दाखवला, सगळे न देता गरजेपुरते दिले, बाकीचे कपाटात ठेवले आणि वहीत सही घेतली. मे महिना होता. हे मेण ५६ ते ६० अंशांच्या दरम्यान वितळतं आणि उन्हात उभ्या गाडीत काचेमागे तेवढं तापायला वेळ लागत नाही. म्हणून ब्लॉक गाडीत ठेवून जेवायला उतरू नकोस, पर्समध्ये सोबत घे, असं तिला दोनदा सांगितलं.